हजेरीतून खोडलेला पक्षी

ही गोष्ट सांगायचं मी आठ वर्षं टाळलं. टाळायला फार कष्ट पडले असंही नाही. हिमालयातल्या त्या सहलीचा विषय निघाला की मी मोनालच्या निळ्या-हिरव्या पिसांबद्दल बोलायचो, थंडीबद्दल बोलायचो, रस्ता चुकलेल्या जीपबद्दल बोलायचो. ऐकणाऱ्याचं तेवढ्यावर समाधान व्हायचं. माझंही झालं आहे असं मी धरून चालायचो.

आता मी अठ्ठ्याहत्तर वर्षांचा आहे. पत्नी जाऊन बरीच वर्षं झाली, मुलगा पुण्यात असतो. सोलापुरातल्या या दोन खोल्यांत मी राहतो आणि माझ्या पक्ष्यांच्या नोंदवह्या राहतात. त्यातल्या एका वहीत एक खरी नोंद खोडलेली आहे. ती मी खोडली. कशी, ते लिहून ठेवतो.

मी शाळेत विज्ञान शिकवायचो. निवृत्त झाल्यावर पक्षी बघणाऱ्या आठ-दहा जणांचा आमचा एक गट जमला. त्यात एक दातांचे डॉक्टर होते, दोघे बँकेतले, एक कॉलेजात शिकवणाऱ्या बाई, एक औषधांचे दुकानदार. रविवारी सकाळी हिप्परग्याच्या तलावावर नाहीतर नान्नजच्या माळावर जायचं आणि ऊन चढलं की परतायचं. परतताना चहाच्या टपरीवर मी वही उघडायचो आणि हजेरी घ्यायचो. ही पद्धत माझीच. चौतीस वर्षं वर्गात जे केलं ते असं कसं सुटणार? मी पक्ष्याचं नाव वाचायचं, ज्यांनी पाहिला त्यांनी "हजर" म्हणायचं. दोन "हजर" आले तर नोंद पक्की. एकच आला तर नावावर रेघ. एकट्यानं पाहिलेला पक्षी आमच्या वहीत येत नसे. डोळा फसतो आणि मन त्याहून जास्त फसवतं, म्हणून साक्षीला दुसरा हवा, असं मी प्रत्येक नव्या माणसाला ऐकवायचो. लोक हसायचे, पण नियम पाळायचे. बाहेरगावचे जाणकार आमच्या याद्या खऱ्या मानायचे त्या या नियमामुळेच, आणि मला त्याचा अभिमान होता.

जॉबर आमच्यात आला तो हिप्परग्याला. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या एका कारखान्यात तो जॉबर होता, म्हणजे माग बिघडला की दुरुस्त करणारा. सगळे त्याला जॉबरच म्हणायचे. घरात तेलुगू, बाहेर आपली सोलापुरी मराठी. त्या सकाळी सायकल बांधावर आडवी टाकून तो उकिडवा बसला होता. मला बघून खच्चून ओरडला, "ओ सर! ते सारकं शेपूट हलवतंय ते काय हाय?"

काठावरचे सगळे शेकाटे उडाले.

"धोबी आहे. आणि हळू बोला," मी चिडून म्हणालो.

"आँ?"

"हळू!"

"हां हां. मागावर चाळीस वर्सं गेली सर, कान काय कामाचं ऱ्हायलं न्हाईत. किती हळू झालं ते कळत न्हाय की."

मी सर आहे हे त्याला कसं कळलं, असं मी नंतर विचारलं. तो म्हणाला, "चिडलाव कसं ते बघूनच वळिकलं."

माझी जुनी दुर्बीण मी त्याला दिली. पुस्तकं इंग्रजी, म्हणून मी वाचून सांगायचो. त्याच्या कानाशी तोंड नेऊन ओरडून सांगावं लागे. तो माझ्याहून दोनच वर्षांनी लहान, पण तो मला कायम "सर, तुमी" म्हणायचा आणि मी थोड्याच दिवसांत त्याला अरे-तुरे करू लागलो होतो. त्यात काही वावगं आहे असं तेव्हा मला वाटलं नाही.

आमच्या दोघांची एक रीत बसून गेली. माझे कान चांगले होते, डोळे मोतीबिंदूनंतर बेताचेच. त्याचं उलटं. मी आवाज ऐकायचा, हातानं दिशा दाखवायची, आणि त्यानं त्या दिशेला पक्षी शोधायचा. शोधायचा तो कमाल. एकदा मी विचारलं, "तुला इतक्या लवकर कसा सापडतो रे?" तर म्हणाला, "ताण्यात दोन हजार धागं असत्यात सर. तुटल्याला एक हुडकायचा तर धागं बघायचं न्हाईत. हलतंय कुटं तेवडंच बघायचं." त्याला सापडला की तो माझ्या खांद्यावरून बोट रोखायचा आणि मी त्या बोटाच्या रेषेत दुर्बीण लावायचो. मग टपरीवर हजेरीला दोन "हजर" एका पाठोपाठ यायचे, त्याचा मोठा आणि माझा लहान. वहीतली निम्मीअधिक पानं अशी भरली आहेत.

गटातल्या इतरांना तो फारसा मानवला नव्हता. त्याच्या आवाजानं पक्षी उडायचे हे खरंच होतं. दातांचे डॉक्टर मला बघितलं की विचारायचे, "काय सर, आज गिरणीचा भोंगा आणलात का बरोबर?" मी हसायचो. हसायला नको होतं, हेही इथं लिहून टाकतो.

उत्तराखंडची सहल ठरली ती एप्रिलमधली. उंचावरच्या एका गावात मुक्काम आणि तिथून एका दिवसाची, वाटाड्याबरोबरची चढाई, पहाटे निघून दुपारी परत. मला त्या चढाईत एकच पक्षी हवा होता. ट्रॅगोपॅन. कोंबड्याएवढा, लालभडक, अंगभर पांढरे ठिपके, दाट झाडीत राहणारा आणि माणसाची चाहूल लागली की जमिनीवरूनच सरकून नाहीसा होणारा. त्याचं एक रंगीत चित्र चाळीस वर्षं माझ्या टेबलासमोर भिंतीवर होतं. सहलीआधी मी गटाला त्याच्यावर पाऊण तास व्याख्यान दिलं, पडद्यावर चित्रं दाखवली. आमच्या ओळखीतल्या कोणीही तो पाहिलेला नाही, हे मी त्यात दोनदा सांगितलं होतं.

वाटाड्या म्हणून आलेली बाई पंचेचाळिशीची होती. डोक्याला रुमाल, पायात रबरी बूट, बोलणं मोजकं. आदल्या संध्याकाळी तिनं आम्हाला उद्याची वाट समजावून सांगितली. म्हणाली, "जिसको आप ट्रॅगोपॅन बोलते हैं, हमारे यहाँ उसको लुंगी बोलते हैं."

जॉबरनं माझ्या बाहीला हात लावला. "काय म्हनायल्यात बाई?"

मी त्याच्या कानात ओरडलो, "लुंगी!"

"लुंगी? आपल्याकडं मागावर विणत्यात, हितं झाडीत पळती व्हय?"

सगळे हसले. बाईला हिंदीत सांगितल्यावर तीही हसली. त्या दिवसापर्यंत आमचं सगळं असं बरं चाललं होतं.

पहाटे निघालो. बांजाची, म्हणजे तिकडच्या ओकची, झाडी, मधूनमधून बुरांसचे लाल फुलोरे, खाली ओला पाचोळा. तासाभरात माझा उजवा गुडघा बोलू लागला. आणखी अर्ध्या तासानं मी एका वळणावर सपाट दगडावर बसलो आणि म्हणालो, तुम्ही व्हा पुढं. वाटाड्या बाईनं माझ्या गुडघ्याकडे पाहिलं, वरच्या धारेकडे पाहिलं. "लुंगी ऊपर मिलेगी," ती म्हणाली. "आप यहीं बैठिए, नीचे ढलान पर मत जाइए. ग्यारह बजे तक आते हैं." पण एकट्याला सोडायला ती तयार नव्हती. कोणीतरी थांबायला हवं होतं. मी बाकीच्यांकडे पाहिलं. सगळे आपापल्या बुटांच्या नाड्या बघत होते.

"मी थांबतो की," जॉबर म्हणाला. "वर जाऊन मला काय ऐकू येनार हाय?"

त्यालाही वर जायचं होतं. आयुष्यात तिरुपतीच्या पलीकडे तो पहिल्यांदाच आला होता. हे मला तेव्हाही ठाऊक होतं. मी नको म्हणालो नाही.

आम्ही दोघं बसलो. धुकं खालून वर यायचं, सगळं पुसून टाकायचं आणि परत जायचं. त्यानं पिशवीतून कडक भाकरी आणि शेंगाची चटणी काढली, थर्मासमधला चहा झाकणात ओतून मला दिला आणि स्वतः बाटलीलाच तोंड लावून प्याला. मग आपली चादर माझ्या गुडघ्यांवर टाकली. "आपल्या मागावरची हाय सर. हिमालयाला पन पुरंल." त्याच्याबरोबर गप्प बसणं सोपं असायचं, कारण बोलायचं म्हणजे ओरडावं लागे.

मग मला आवाज आला. वासरू हंबरावं, पण रडवेलं हंबरावं, तसा. खालच्या उतारावरून. एकदा, मग थांबून पुन्हा. हा आवाज मी घरी ध्वनिमुद्रणात शंभरदा ऐकला होता. जॉबरला काही ऐकू आलं नव्हतं. त्यानं फक्त माझं तोंड पाहिलं आणि ताठ बसला. मी हातानं दिशा दाखवली. रिंगाळाच्या, म्हणजे तिकडच्या बारीक बांबूच्या, बेटाच्या डावीकडे.

तो बघत राहिला. किती वेळ, सांगता येत नाही. मग त्याचं बोट माझ्या खांद्यावरून पुढं आलं.

माझ्या चष्म्यावर धुकं साचलं होतं. चष्मा काढून मांडीवर ठेवला आणि त्या बोटाच्या रेषेत दुर्बीण लावली. आधी नुसता पाचोळा. मग पाचोळ्यावर एक पाऊल. मग लाल. तसा लाल रंग मी परत पाहिला नाही. काळं डोकं एकदा वर झालं, पाठीवरचे पांढरे ठिपके हलले, आणि तो रिंगाळात शिरला. तीन श्वासांएवढं असेल सगळं. माझा डावा हात कधी जॉबरच्या मनगटावर गेला आणि किती घट्ट आवळला गेला ते मला कळलंच नाही. दुर्बीण खाली केली तेव्हा त्याच्या मनगटावर माझ्या बोटांचे वळ होते.

त्यानं भुवया उडवून विचारलं. मी मान हलवली. हो. दिसला.

त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. आणि आयुष्यात एकदाच मी त्याला अगदी हळू बोलताना ऐकलं. "सर, परत्येक पांढऱ्या ठिपक्याला काळी किनार हाय. बघितलाव न्हवं? लाल ताण्यावर असली बुट्टी काडायची म्हंजे नक्षीचा जेकार्डवाला रडंल."

काळी किनार मी पाहिली नव्हती. इतकी वर्षं भिंतीवर चित्र होतं, त्यात ती असणारच, पण माझं लक्ष गेलं नव्हतं. पाऊण तासाच्या व्याख्यानात मी तिचा उल्लेख केला नव्हता. त्याच क्षणी माझ्या आनंदात कुठंतरी खडा लागला. तेव्हा तो एवढासाच होता.

अकरा वाजून गेल्यावर वरची मंडळी आली. भिजलेली, दमलेली, काही न बघता. मोनाल पाहिला होता, तो सगळ्यांनाच दिसतो. ट्रॅगोपॅन नाही. जॉबर तोंड उघडणार तेवढ्यात मी त्याला खूण केली: आत्ता नको, हजेरीला. त्याला वाटलं मला गंमत करायची आहे. लहान मुलासारखं तोंड दाबून तो हसला आणि सगळी वाट त्यानं ते गुपित सांभाळलं. उतरताना मला हात द्यायचा आणि डोळे मिचकवायचा.

मी मात्र त्या उतरणीवर मनात वेगळंच काहीतरी शिजवत होतो. आधी वाटलं, लोक म्हणतील, गुडघा धरून बसलेल्या माणसाला म्हणे ट्रॅगोपॅन येऊन भेटला. मग वाटलं, ते तपशील विचारतील आणि तपशील तोच सांगेल. मी आपली मान डोलावणार. मग वाटलं, आमच्या गावचा पहिला ट्रॅगोपॅन मी नाही, त्यानं पाहिला असं होणार. ज्याला मी धोबी कोणता ते सांगितलं, त्यानं. दुसऱ्या दिवशी आम्हाला निघायला दुपार होणार होती. पहाटे त्या वळणापर्यंत पुन्हा जाता येईल, एकट्यानं, आणि नीट बघता येईल, असाही एक विचार होता. हे सगळं आज ओळीनं लिहितो आहे. तेव्हा ते ओळीनं नव्हतं.

सहा वाजता, अजून उजेड होता, मुक्कामाच्या घरी जेवणाच्या लांब टेबलाशी सगळे बसले. वाटाड्या बाईही चहा घेऊन एका बाजूला बसली होती. मी वही उघडली.

"हिमालयन बुलबुल?"

"हजर, हजर, हजर."

"मोनाल?"

सगळेच हजर. असे एकतीस पक्षी झाले. बत्तिसावं नाव मी सकाळीच, त्या दगडावर बसून, जॉबरच्या देखत लिहिलं होतं. ते वाचलं.

"ट्रॅगोपॅन?"

"हजर!" जॉबर उभाच राहिला. एवढा मोठ्यांदा ओरडला की टेबलावरचा चमचा वाजला.

आता दुसरा "हजर" यायचा होता आणि तो माझ्याकडून यायचा होता. सगळ्यांच्या आधी मला ते कळत होतं. मी वहीकडे बघत राहिलो. आणि वर्गात विचारतो तसं विचारलं, "आणखी कोणी?"

"सर, तुम्ही होता ना शेजारी?" कॉलेजातल्या बाई म्हणाल्या.

"होतो," मी म्हणालो. "मला नाही दिसला."

दातांचे डॉक्टर मोठ्यानं हसले. "आम्ही चार तास वर मरमर मेलो, आणि लुंगी आली जॉबरला भाकरी मागायला!"

वाटाड्या बाई हसली नाही. तिनं जॉबरला खुणेनं विचारलं, कसा होता? त्यानं टेबलावर बोटानं ठिपके काढून दाखवले, प्रत्येक ठिपक्याभोवती नखानं गोल. "सफेद के बाजू में काला. सबको काला बॉर्डर." बाईनं माझ्याकडे पाहिलं. "ये सही बोल रहे हैं," ती म्हणाली.

"चित्रात असंल की ते," दुकानदार म्हणाले. "सरांनी दाखवलं नाही का पडद्यावर?"

मी अजूनही बोलू शकत होतो. चुकलं, आता आठवलं, धुक्यातून काहीतरी लाल दिसलं होतं खरं, एवढं जरी म्हणालो असतो तरी चाललं असतं. जॉबर माझ्याकडे बघत होता. त्याला ऐकू आलं नसेल असं मला वाटलं, पण डॉक्टरांचं हसणं आणि माझी खाली गेलेली नजर त्याला पुरेशी होती. त्याच्या मनगटावर वळ होते, त्यानं माझी मान हललेली पाहिली होती. खोटं कोण बोलतं आहे हे त्या खोलीत फक्त आम्हा दोघांना माहीत होतं.

तो हळूच खाली बसला. म्हणाला, "सरांच्या चष्म्यावर धुकं बसलं होतं. त्यास्नी न्हाय दिसलं. खरं हाय." मग वहीकडे बोट करून, "खोडा सर. नियम हाय न्हवं."

मी रेघ मारली. पट्टी लावून मारतो, तशी सरळ.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी एकटाच त्या वळणाकडे निघालो. गुडघ्यानं अर्ध्या वाटेत नकार दिला. परत आलो तेव्हा जॉबर अंगणात माझ्यासाठी गरम पाण्याची बादली धरून उभा होता.

सोलापूरला आल्यावर गटात एक नवी म्हण झाली. कोणी न पटणारं काही सांगितलं की उत्तर यायचं, "जॉबरचा ट्रॅगोपॅन का?" फोनवरच्या आमच्या ग्रुपमध्ये तर ते नेहमीचंच झालं. एका बाईंना मोराच्या शेजारी कुठलं तरी परदेशी बदक दिसलं, जॉबरचा ट्रॅगोपॅन. एकानं सिनेमाची तिकिटं मिळाल्याचं सांगितलं, जॉबरचा ट्रॅगोपॅन. तो ग्रुपमध्ये होता. मराठी अक्षरं लावून लावून वाचायचा. तो रविवारी येत राहिला, पण हजेरीला बोलेनासा झाला. पक्षी सापडला तर माझ्या खांद्यावरून बोट रोखायचा तेवढं. हजेरीच्या वेळी कप धुवायला टपरीमागे जायचा. मी त्याच्या वतीनं "हजर" म्हणायचो. तेवढं औदार्य माझ्यात होतं.

दीडेक वर्षानं, थंडीत, एका दुपारी त्याचा फोन आला. फोनवर त्याला काही ऐकू येत नसे, त्यामुळे तो नुसता सांगायचा आणि ठेवायचा. "सर, माळढोक! मंगळवेड्याच्या अलीकडं, एस्टीतनं दिसला. उतरून मागं चालत आलोय. ज्वारीच्या रानाला लागून माळ हाय, तितं चरायलाय. तुमी या. दुसरा मानूस पायजे न्हवं? मी हितंच थांबतो."

माळढोक आमच्या जिल्ह्यात आता कोणाला दिसत नाही. दिसला असता तर ती केवढी गोष्ट होती, ते इथल्या माणसाला सांगायला नको. मी ग्रुपवर कळवलं. पहिलं उत्तर तीन मिनिटांत आलं आणि ते काय होतं हे सांगायचीही गरज नाही. पाठोपाठ हसरे चेहरे. मी त्यावर काही लिहिलं नाही. गुडघा दुखत होता, तसा दुपारची एस्टी धरण्याइतका बरा होता. मी गेलो नाही.

तो तीन दिवस तिथं जात होता. नात्यातल्या कोणाच्या तरी घरी राहून रोज सकाळी डबा घेऊन माळावर. हे मला त्याच्या मुलाकडून कळलं. सहाव्या दिवशी मी एकटा गेलो. ज्वारीवर वारा होता, माळावर चंडोल होते, बाकी काही नव्हतं. तो खरोखर माळढोक होता की नाही, मला माहीत नाही. त्याचा डोळा चुकल्याचं मला आठवत नाही, एवढं माहीत आहे. आणि त्याच्या शब्दावर कोणी हलेनासं झालं ते कुणामुळं, हेही.

त्यानंतर तो रविवारी आला नाही. मुलाच्या हातून माझी दुर्बीण परत पाठवली. पुसून, नव्या कापडी पिशवीत घालून, टॉवेलच्या तुकड्याची पिशवी शिवलेली. चिठ्ठी वगैरे काही नव्हतं.

तो वारला त्याला आता दोन वर्षं होतील. मागच्या महिन्यात मी वही काढली, त्या रेघेखाली लाल शाईनं लिहिलं: ट्रॅगोपॅन, नर, एक. पाहणारे दोन. खाली सही केली आणि पानाचा फोटो ग्रुपवर टाकला. सोबत चार ओळी, की त्या दिवशी मी खोटं बोललो होतो. दातांच्या डॉक्टरांनी जोडलेले हात पाठवले. कॉलेजातल्या बाईंनी "मोठेपणा आहे सर तुमचा" असं लिहिलं. एका नव्या सभासदानं विचारलं, "जॉबर कोण?" मग कोणीतरी हिप्परग्याच्या रोहित पक्ष्यांचे फोटो टाकले आणि ते पान वर सरकत दिसेनासं झालं. मला वाटलं होतं, फोन वाजेल. दिवसभर तो हाताशी ठेवला होता.

शेवटची भेट सांगायची राहिली.

छातीच्या दुखण्यानं तो अंथरुणाला लागलाय असं कळलं म्हणून मी गेलो होतो. पूर्व भागात त्याचं घर, गल्लीत दोन्ही बाजूंना मागांचा खडखडाट. मी खिशात पत्र नेलं होतं. चार पानांचं. आदल्या आठवड्यात तीनदा लिहून काढलेलं. त्यात गुडघा होता, धुकं होतं, चाळीस वर्षांचं चित्र होतं, मी तसं का वागलो याची सगळी कारणं होती. रिक्षात ते पुन्हा वाचलं तेव्हा लक्षात आलं, त्यात माफीचा शब्दच नाही. पत्र मी खिशातच ठेवलं.

तो कॉटवर टेकून बसला होता. निम्मा झालेला. मला बघून ओरडला, "सर! गुडगा कसा हाय?"

त्याच्या पत्नीनं चहा आणला. म्हणाली, "तुमचं नाव रोज काढतेत. सरांनी लई शिकिवलं म्हनतेत. तितं हिमालयात पन सरांच्या चष्म्याला धुकं आलं, न्हाईतर दोघांनी मिळून लई मोठा पक्षी बघितला असता म्हनतेत."

घरातही त्यानं तेच सांगितलं होतं.

मी तासभर बसलो. सून स्वयंपाकघरात होती, नातवंडं अभ्यास करत होती, शेजारचे एक गृहस्थ दारात येऊन टेकले होते. त्याला ऐकू जायचं तर ते सगळ्या गल्लीला ऐकू जाणार होतं. मी पाण्याबद्दल ओरडलो, उन्हाळ्याबद्दल ओरडलो, औषधं वेळेवर घे म्हणून ओरडलो. तो प्रत्येक वेळी "आँ?" म्हणायचा आणि मग "व्हय व्हय" म्हणायचा.

निघताना मी नको म्हणत असताही तो भिंतीला धरून उठला आणि उंबऱ्यापर्यंत आला. मी चपला घालत होतो. वाक्य अगदी ओठांवर होतं, तीन लहान वाक्यं, चार पानांतून शेवटी एवढीच उरली होती. मला दिसला होता. मी खोटं बोललो. मला माफ कर. मी तोंड उघडलेलं त्यानं पाहिलं आणि कानामागे हात धरून, माझ्याकडे वाकून तो थांबला.

"आँ? काय म्हनलाव सर?"

मी म्हणालो, "काही नाही. येतो."